दिपिकाची खोली

प्राप्ती निकम एम.एस्सी.साठी विट्याहून ठाण्याला आली तेव्हा ऑगस्ट अर्धा सरला होता आणि कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये एकही जागा उरली नव्हती. वडील सहदेवराव सोबत आले होते. ते विट्याच्या सूतगिरणीत टाइमकीपर. मुंबईच्या बाजूला त्यांचं कुणी नात्याचं नव्हतं. दोन दिवस लॉजवर राहून त्यांनी मुलीसाठी जागा शोधली. माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या मुली पाहून ते दारातूनच माघारी फिरले. शेवटी केमिस्ट्री लॅबच्या शिपायाने बाळकुमचा पत्ता सांगितला. "कोळ्यांचं घर आहे, पण माणसं चांगली आहेत," तो म्हणाला. त्यातला 'पण' सहदेवरावांनी ऐकला की नाही कुणास ठाऊक. ते म्हणाले, "माणसं चांगली असली म्हणजे झालं."

बाळकुममध्ये आता गाव शोधावं लागतं. दोन मोठ्या कॉम्प्लेक्सच्या कुंपणांमधून एक गल्ली खाडीच्या बाजूला उतरते, तिथे जुन्या घरांची एक ओळ शिल्लक आहे. त्यातलं एक दामाजी आणि रंगूबाईंचं. दामाजी पूर्वी खाडीत होडी घालायचे. खाडीत मासळी राहिली नाही तेव्हा होडी गेली, आणि आता ते शेजारच्याच कॉम्प्लेक्सच्या गेटवर दिवसपाळीला वॉचमन होते. रंगूबाई नाक्याजवळच्या बाजारात मासे विकत. खाली दोन खोल्या, आणि आतून जिना चढून गेलं की वर एक गुलाबी भिंतींची खोली. पलंग, कपाट, खिडकीशी टेबल. आरशाच्या कडेला कुणीतरी वापरून चिकटवलेल्या टिकल्यांची रांग तशीच होती.

"पोरीची खोली," रंगूबाई म्हणाल्या. "लगीन झालंय तिचं."

"कुठं दिलीय?" सहदेवरावांनी विचारलं.

"लांब." मग प्राप्तीकडे वळून, "मच्छी खातेस ना गो?"

"मटण खातो आम्ही. मासे नाही खाल्ले कधी."

"शिकशील," रंगूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

सहदेवराव त्याच संध्याकाळी परत गेले.

पहिले दोन महिने प्राप्तीने कसे काढले ते तिने नंतरही कुणाला नीट सांगितलं नाही. विट्याच्या कॉलेजात ती बी.एस्सी.ला पहिली आली होती. पण तिथे जी यंत्रं पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेली, ती इथल्या मुलांनी वापरून झालेली होती. पहिल्याच प्रॅक्टिकलला जोडीदार मुलाने तिच्या हातातून ब्युरेट काढून घेतलं. "दे, मी करतो. तू रीडिंग लिही," असं तो म्हणाला, तेही चांगल्या मनानेच. वर्गातली सगळी भराभर बोलत, अर्धं हिंदीत. एकदा तिच्या तोंडून "आलाय न्हवं सर?" असं गेलं आणि मागच्या बाकावर दोघी हसल्या. वाईट हेतूने नसेलही. पण त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. डबा कॉलेजच्या जिन्यात बसून खायची. तिच्या अॅप्रनला, केसांना, ओढणीला लॅबचा वास यायचा, आणि घरी आलं की गल्लीत वाळत घातलेल्या जवळ्याचा, सुक्या बारीक मासळीचा वास. दोन्हींपैकी कुठला जास्त परका, हे तिला ठरवता येत नसे.

आईचा रोज फोन यायचा.

"जेवलीस न्हवं?"

"हो."

"मैत्रिणी झाल्या का गं?"

"झाल्या की."

गणपतीच्या आसपास तिला ताप भरला. पहिल्या दिवशी तिने अंगावर काढला, दुसऱ्या दिवशी जिन्यातच बसली ती उठता येईना. रंगूबाईंनी तिला धरून खाली आणलं, दामाजींना रिक्षा आणायला पिटाळलं. डेंग्यू निघाला. आठवडाभर रंगूबाई बाजारात गेल्या नाहीत. मासळीवाल्या बाईने एवढे दिवस आपलं ठिकाण सोडणं म्हणजे बांधलेलं गिऱ्हाईक गमावणं, हे प्राप्तीला तेव्हा कळलं नाही. त्या तिच्या उशाशी बसून भाताची पेज भरवत, ओल्या फडक्याने तळपाय पुसत. घरून आई-वडील निघायच्या तयारीत होते, तेव्हा रंगूबाईंनी फोन आपल्या हातात घेतला.

"तुमी येवाची काय गरज नाय. मी हाय ना. ती माझीच पोर हाय."

प्राप्ती डोळे मिटून पडली होती. तिने हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडली. विटा सोडल्यापासून कुणी आपल्याला आपलं म्हटलं असेल तर ते इथेच, असं तिच्या मनाने त्या दिवशी धरलं.

बरी झाल्यावर ती खाली जेवायला लागली. मासे खायला लागली. संध्याकाळी रंगूबाई तिचे केस विंचरून देत आणि बाजारात कोण कुणाशी भांडलं ते सांगत. दामाजी खुर्चीत बसून मोबाइलवर भजनं ऐकत. ते फार बोलायचे नाहीत. पण प्राप्ती जिना उतरली की पंखा तिच्या बाजूला वळवून ठेवायचे.

दिवाळीनंतर शेजारच्या घरात हळद होती. रंगूबाईंनी वरच्या खोलीतलं कपाट उघडलं. त्याचा खालचा कप्पा आजवर बंदच होता. त्यातून त्यांनी एक मोरपंखी साडी काढली आणि प्राप्तीला स्वतः नेसवली. हळदीच्या मांडवात बायका वळून वळून बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "लांबशी दिपिकाच वाटली गो मना." दुसरीने तिचा हात दाबला. रंगूबाई ताटातली हळद कालवत राहिल्या.

दिपिकाचं, रंगूबाईंच्या मुलीचं, काय झालं ते शेजारच्या शालनवहिनीने प्राप्तीला दुसऱ्या दिवशी नळावर सांगितलं. लांब वगैरे काही नाही. शहाडला होती. दोन वर्षांपूर्वी तिचा कळव्याच्या एका मुलाशी साखरपुडा झाला होता, हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्नाला थोडेच दिवस राहिले असताना ती प्रणित नावाच्या मुलासोबत निघून गेली. त्याचं शहाड स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. जात वेगळी. रंगूबाईंना कळव्याला जाऊन त्या लोकांच्या अंगणात उभं राहून सांगावं लागलं होतं. त्या लोकांनी काय काय ऐकवलं ते रंगूबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. घरी येऊन म्हणाल्या, माझी पोर मेली. त्यानंतर आळीत तिचं नाव कुणी काढत नव्हतं.

"तू आल्यापास्ना जरा मानसात आली ती," शालनवहिनी म्हणाली. "नायतर बोलतपन नव्हती."

हे ऐकून प्राप्तीला बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. कारण रंगूबाईंची माया हळूहळू तिच्याभोवती आवळत चालली होती. वर्गातल्या संचिताशी तिची आता मैत्री झाली होती. संचिता ठाकुर्लीला राहायची, हसरी होती, "आमच्याकडे ये ना यार अभ्यासाला" म्हणून मागे लागायची. प्राप्ती एकदा गेली आणि यायला उशीर झाला, तर रंगूबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या.

"कुठं गेलतीस?"

"सांगून गेले होते मावशी. संचिताकडे."

"हितं अभ्यास होत नाय? हितं कोन तरास देतो तुला?"

एकदा प्राप्ती अंघोळीला गेली असताना तिच्या मोबाइलवर लॅबमधल्या जोडीदाराचा फोन आला. रंगूबाईंनी उचलून विचारलं, "कोन तू? माज्या पोरीशी काय काम?" दुसऱ्या दिवशी वर्गभर तेच. प्राप्तीला राग आला, पण घरी आल्यावर रंगूबाईंनी ताटात पहिली गरम भाकरी वाढली आणि तिचा राग बोलून दाखवायचा राहून गेला. तो कायमचाच राहिला.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. तिला फिजिकल केमिस्ट्रीत केटी लागली. शाळेपासून कधी नापास न झालेली मुलगी. वडिलांना तिने सांगितलं, पास झाले. खरं फक्त रंगूबाईंना सांगितलं.

"मग परत द्यायचा," त्या म्हणाल्या. "त्यात रडाला काय झाला? बावीस वर्सांची हायेस ना तू? मी बाविसाव्या वर्सी नवऱ्याशी भांडून तीनदा म्हायेरी पलालेली."

दामाजी भजन थांबवून म्हणाले, "चारदा."

प्राप्ती त्या दिवशी ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

हे सगळं सांगायचं कारण, फेब्रुवारीत जे घडलं ते त्याशिवाय समजणार नाही.

दुपारची वेळ होती. रंगूबाई बाजारात, दामाजी गेटवर. प्राप्ती वर केटीचा अभ्यास करत होती. खाडीकडच्या मागच्या दारावर कुणीतरी हळूच वाजवलं. तिने खाली येऊन दार उघडलं. स्कूटरवरच्या मुली बांधतात तसा स्कार्फ चेहऱ्याभोवती गुंडाळलेली एक बाई उभी होती. पोट पुढे आलेलं. तिने स्कार्फ सोडला तेव्हा प्राप्तीला विचारायची गरज राहिली नाही. रंगूबाईंचंच नाक, रंगूबाईंचीच हनुवटी.

"आई नाहीये ना?" तिने विचारलं.

"नाही."

"माहितीये. म्हणून तर आत्ता आले." ती आत येऊन ओट्याला टेकली, धापा टाकत. "तू प्राप्ती ना? मला कळतं इथलं सगळं. एक मैत्रीण आहे आळीत."

प्राप्तीने तिला पाणी दिलं. दिपिकाने घर नजरेने चाचपलं. जिन्याकडे बघून म्हणाली, "वर नाही जात मी. चढवत नाही." मग थोडं थांबून, "माझं पहिलंच आहे. सातवा सरत आला. सासू गावी असते, तिचं काही येणं होणार नाही. प्रणित चांगला आहे गं, पण तो काय करणार? मला आई पाहिजे."

तिने स्कार्फच्या टोकाने डोळे पुसले.

"फोन का नाही केलात तुम्ही?"

"केलेला. माझा आवाज ऐकला की ठेवून देते. समोर उभी राहिले आणि तिने सगळ्या आळीसमोर हाकललं तर? अशा अवस्थेत मला नाही झेपणार ते. तू सांग. ती तुझं ऐकते म्हणे. फक्त एवढंच सांग की दिपिका येऊन गेली, तिला बाळंतपणाला इथे यायचंय. ये म्हणाली तर मी येईन. नाही म्हणाली तर नाही."

"सांगते," प्राप्ती म्हणाली.

दिपिकाने तिचा नंबर घेतला, स्कार्फ बांधला आणि आली तशी खाडीच्या बाजूने गेली.

प्राप्तीचं त्या संध्याकाळी सांगायचं नक्की होतं. रंगूबाई घरी आल्या त्या खांदा धरून. पाटी उतरवताना लचकला होता. प्राप्तीने तेल गरम करून खांदा चोळून दिला. "तू नसतीस तर काय केला असता मी," रंगूबाई म्हणाल्या. प्राप्तीच्या ओठांवर आलेलं वाक्य मागे गेलं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी रंगूबाईंचं बाजारात भांडण झालं होतं. तिसऱ्या दिवशी पाहुणे होते.

खरं कारण तिला माहीत होतं. दिपिका आली की वरची खोली दिपिकाची. आरसा, पलंग, खिडकीजवळचं टेबल, सगळं तिचंच होतं. पंखा तिच्या बाजूला वळणार, भाकरी तिच्या ताटात पडणार. केटीची परीक्षा तोंडावर, दुसरी जागा नाही, वडिलांना सांगितलेलं खोटं अजून गळ्यात. ती स्वतःला सांगायची की परीक्षा झाली की लगेच सांगायचं, आठवा महिना म्हणजे अजून वेळ आहे.

काही दिवसांनी दिपिकाचा फोन आला. "सांगितलंस?"

"अजून नाही. त्यांना बरं नाहीये जरा."

"काय झालंय आईला?"

"विशेष नाही. खांदा दुखतोय."

"तिला सांग गरम पाण्याने शेक म्हणावं. ती ऐकत नाही," दिपिका म्हणाली. मग हसून, "माझं नाव नको घेऊ हां त्यात."

पुन्हा फोन आला तेव्हा प्राप्ती कॉलेजच्या जिन्यात होती. आजूबाजूला मुलं वर-खाली करत होती. "सांगितलंस का गं?" या वेळी दिपिकाच्या आवाजात जरा धार होती. आणि अजून सांगितलं नाही हे दुसऱ्यांदा म्हणायची प्राप्तीला लाज वाटली. तेवढ्या एका लाजेपोटी ती बोलून गेली,

"सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत."

दिपिकाने पुन्हा विचारलं,

"काहीच नाही?"

"नाही."

"बरं," दिपिका म्हणाली, आणि फोन ठेवला.

प्राप्ती तशीच उभी राहिली. फोन करून, चुकलं, मी सांगितलंच नाहीये, असं म्हणायला एक मिनिट पुरलं असतं. तिने नंबर काढलाही. तेवढ्यात संचिता वरून ओरडली, "अगं चल, सर आले!" आणि प्राप्ती गेली.

त्यानंतर दिपिकाचा फोन आला नाही. प्राप्तीचं अन्नावरचं मन उडालं. रंगूबाईंनी विचारलं की ती म्हणायची, परीक्षेचं टेन्शन. रंगूबाई तिची दृष्ट काढायच्या आणि ते तिला सोसवायचं नाही.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी दामाजी भर ड्यूटीतून घरी आले, वॉचमनच्या गणवेशात. रंगूबाई त्या दिवशी उशिरा निघणार होत्या, अंगणात बसून जवळा निवडत होत्या. प्राप्ती कॉलेजला निघायच्या तयारीत, जिन्यात.

"दिपिका हास्पिटलात हाय," दामाजी म्हणाले. "त्या पोराचा फोन आलता गेटवर. पोरगी झाली. आठव्या म्हयन्यात झाली."

दोन वर्षांत त्या अंगणात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. प्राप्तीला वाटलं, आता रंगूबाई तोंड फिरवतील. रंगूबाई उठल्या. हात न धुता चपला शोधायला लागल्या. चपला पायापाशीच होत्या आणि त्यांना दिसत नव्हत्या.

"पोटुशी होती?" त्या विचारत होत्या. "पोटुशी होती ती? मना कसा कोनी सांगितला नाय? आवो, मना कोनीच कसा सांगितला नाय?"

दामाजींनी त्यांच्या पायात चपला सरकवल्या. दोघं तशीच रिक्षात बसून उल्हासनगरच्या हॉस्पिटलकडे गेली. प्राप्ती त्या दिवशी कॉलेजला गेली नाही. अंगणातला जवळा तिने उचलून ठेवला, पुन्हा काढून निवडला, पुन्हा ठेवला.

रंगूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी एकट्या आल्या. आल्या त्या सरळ ट्रंकेकडे. जुन्या सुती साड्या काढून फाडायला बसल्या, बाळासाठी.

"कशी आहे?" प्राप्तीने विचारलं.

"काचेच्या पेटीत हाय. एवढीशी." त्यांनी हाताने दाखवलं. "डाक्टर बोलले जगेल. दिपिकाला रक्त चढवला."

साडी फाटल्याचा आवाज होत राहिला. मग वर न बघता त्या म्हणाल्या, "ती मना बघून रडली नाय. बोलली, तू तर काय बोलली नव्हतीस, मग आता कशाला आलीस? मी बोलले, मी कवा काय बोलले नव्हते? कोनाला?"

प्राप्ती समोर जमिनीवर बसली.

"मावशी, मी..."

"तू सांगितला तिला, आई काय बोलली नाय."

"हो."

"मना विचारलास तू?"

"नाही."

रंगूबाई ओरडल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी हातातली चिंधी मांडीवर ठेवली. "मी फोन ठेवत होते ना, तो आवाज आयकला की मना रडू यायचा म्हनून ठेवत होते. ती दारात आली असती तर मी काय केला असता मना ठाव नाय. कदाचित हाकलला असता. पन मना हाकलून तरी देवाचा होता ना! ते पन तूच केलास माज्या बदली."

"मला वाटलं, ती आली की मला..." प्राप्ती म्हणाली.

"ठाव हाय मना," रंगूबाई म्हणाल्या. "तुला काय वाटला ते ठाव हाय. मीच तुला तिच्या साड्या नेसवल्या."

त्या उठल्या. फाडलेले कपडे पिशवीत भरून दाराशी थांबल्या. "परीक्सा होईस्तोवर रहा. मी कोनाच्या पोरीला रस्त्यावर काढत नाय."

ती राहिली, पण फार दिवस नाही. रंगूबाई हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत होत्या. घरी असल्या की तिचं ताट झाकून जिन्याच्या पायरीवर ठेवायच्या आणि हाक न मारता आत जायच्या. दामाजी एकदा म्हणाले, "पोरी, जेव." एवढंच. दिपिकाला घरी आणायचा दिवस ठरला तेव्हा प्राप्तीने आपलं सामान बांधलं. आरसा पुसायला घेतला आणि टिकल्यांपाशी हात थांबवून बाकीचा पुसला. निघताना रंगूबाई घरात नव्हत्या. त्या मुद्दाम नव्हत्या की खरंच कामाला गेल्या होत्या, ते तिला कळलं नाही.

संचिताच्या घरी, ठाकुर्लीला, तिला हॉलमधल्या दिवाणावर जागा मिळाली. संचिताची आई सुहासिनीकाकू शाळेत शिकवत होत्या. "तुला इथे कुणी काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "पण सांगावंसं वाटलं तर सांग." तिने सगळं सांगितलं. ऐकून संचिता म्हणाली, "मी काय खोटं बोलू तुझ्याशी? वाईट केलंस तू." तरी ती रात्रीच्या जेवणाचं ताट घेऊन तिच्या शेजारीच येऊन बसली.

त्या आठवड्यात प्राप्तीने वडिलांना फोन करून केटीचंही खरं सांगितलं. "तुझ्या आवाजावरनं वाटत होतं मला," सहदेवराव म्हणाले. "मी विचारलं न्हाई, कारण तू खोटंच सांगशील असं वाटलं. माझंबी चुकलंच की." मग म्हणाले, "परत यायचं असलं तर ये." ती म्हणाली, "नाही पप्पा. राहते."

बाळाचं बारसं मे महिन्यात झालं. निमंत्रण दिपिकानेच फोन करून दिलं. जावं की नाही यावर प्राप्तीचे दोन दिवस गेले. शेवटी एक झबलं घेऊन ती गेली. अंगणात मांडव होता. पाळण्यात मुलगी अंग धरायला लागली होती. प्रणितने नाव निवडलं होतं क्षिप्रा, आणि रंगूबाईंना ते काही केल्या म्हणता येत नव्हतं. "शिपरा," त्या म्हणायच्या आणि सगळ्या बायका हसायच्या.

रंगूबाईंनी प्राप्तीला पाहिलं. "या," म्हणाल्या. मांडवातल्या पाहुण्यांच्या ओळीत खुर्ची दिली, सरबत दिलं, "जेवून जावा हां," असं इतरांना सांगितलं तसंच सांगितलं. आजवर त्यांनी तिला कधी 'अहो-जाहो' केलं नव्हतं. प्राप्तीच्या हातात सरबताचा ग्लास तसाच राहिला.

दिपिकाने तिला जवळ बोलावलं. "हॉस्पिटलमध्ये मी तुला मनातल्या मनात लय शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आता नाही घालत. हिला बघण्यातच दिवस जातो." तिने बाळ प्राप्तीच्या मांडीवर दिलं. फार जड नव्हतं ते.

गर्दी ओसरल्यावर प्राप्ती स्वयंपाकघरात गेली. रंगूबाई भांडी आवरत होत्या.

"मावशी, मला माफ करा."

"राग गेला आता माजा," रंगूबाई म्हणाल्या. त्यांनी एक पातेलं पालथं घातलं, पुन्हा सुलटं केलं. "तुज्यावर मी माया केली ती खोटी नव्हती, ते पन सांगते. पन तू परत येत जा असा मी बोलनार नाय. तू समोर आलीस का मना ते आठवतं, ती तिकडं एकटी पडली होती आनि मी हितं तुजे केस विंचरत होते. त्याला तू काय करशील नि मी काय करनार?"

प्राप्तीने मान हलवली. वाकून त्यांच्या पाया पडली. रंगूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दामाजी तिला नाक्यापर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर ते म्हणाले, "आभ्यास कर हां."

केटीचा पेपर सुटला त्या उन्हाळ्यात. जेमतेम मार्क पडले. दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलमध्ये तिला जागा मिळत होती, पण तिने ठाकुर्ली सोडली नाही. दिपिका अधूनमधून बाळाचे फोटो पाठवते. प्राप्ती प्रत्येक फोटोला उत्तर देते आणि रंगूबाई कशा आहेत ते विचारते. "बरी आहे," दिपिका लिहिते. त्यापुढे दोघीही काही लिहीत नाहीत.